शेतातल्या शेडला ऊब कशाची?

तापी-गोमाईच्या संगमावरच्या प्रकाशा परिसरात डिसेंबरातही दुपारचं ऊन चांगलंच जाणवतं; पण सातपुड्याकडून वारा सुटला की पहाटे हातात पान्हा धरवत नाही. वर डाब-तोरणमाळच्या बाजूला तर कधीकधी दवही गोठतं. केळी-पपईच्या बागेतली मोटार बिघडते, रोटाव्हेटरचं बेअरिंग जातं, ते नेमकं अशाच वेळी. आणि दुरुस्ती करायची पत्र्याच्या शेडमध्ये. त्यासाठी हीटर आणला जातो, वीज गेल्यावर काय हा विचार मात्र राहून जातो. माझं म्हणणं असं, की हीटरला दुसरा पर्याय हवा; तो विजेवरचा नसावा, आणि त्याने शेड तापवण्याच्या भानगडीत न पडता माणसाला ऊब द्यावी.

हिशेबच करून पाहू. दोन हजार वॅटचा हीटर तासाला 2 युनिट वीज खातो. इन्व्हर्टरची 12 व्होल्ट, 150 अँपिअर-तासांची बॅटरी काठोकाठ भरलेली असली तरी तिच्यात 1.8 युनिट, म्हणजे तासाभराचीही सोय नाही. शिवाय घरगुती इन्व्हर्टर सहसा एवढा भार उचलत नाही. कुणी म्हणेल, गोबरगॅस आहे की! पण शेण कुजवणारे जिवाणू 35 अंशांच्या आसपास जोमाने काम करतात. गारठा वाढला की गॅस घटतो, म्हणजे ऐन गरजेच्या वेळी हात आखडता. सिलिंडरची शेगडी भरवशाची खरी, पण शेडमध्ये पेट्रोल असतं. त्याची वाफ हवेपेक्षा जड, जमिनीलगत पसरत ज्योतीपर्यंत पोहोचते. चार्जिंगला लावलेल्या बॅटरीतून हायड्रोजन सुटतो, तो वेगळाच.

राहिलं जळण. कपाशीच्या पऱ्हाट्या, तुरीच्या तुराट्या बांधावर पडूनच असतात. मग घमेल्यात निखारे घेतले, शटर ओढलं, झालं काम, असं वाटतं. धोका आहे तो इथेच. निखाऱ्यांना धूर नसतो म्हणून ते निर्धोक वाटतात. त्यांतून निघणारा कार्बन मोनॉक्साइड दिसत नाही, त्याला वासही नाही, आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेपटींहून अधिक घट्ट धरतो. डोकं दुखतं, मळमळतं, गुंगी येते. कामाचा शीण समजून माणूस तिथेच आडवा होतो.

म्हणून चूल हवी ती शेडला लागून असलेल्या उघड्या पडवीत, जुन्या लोखंडी ड्रमची, पत्र्याच्या वर निघणारं धुराडं असलेली. तापलेला ड्रम समोर बसलेल्याला थेट शेकतो. पत्र्याच्या फटींतून निसटणाऱ्या हवेवर जळण फुकट जात नाही. बेअरिंगसारखं बैठं काम तिथेच आणावं, उत्तरेकडून ताडपत्रीचा आडोसा करावा, समोरची बाजू मोकळी ठेवावी. थंडी मोजक्या आठवड्यांची, त्यासाठी खर्च कशाला, हा आक्षेप रास्तच आहे. म्हणून तर महागडं यंत्र सुचवत नाही. पडवी नसेल तर शेकोटी बाहेर करा, हात शेकून आत या. आणि काडी ओढण्याआधी पेट्रोलचा डबा तिथून लांब हलवा.