चौसष्ट घरांतला वीज-अभियंता



आपल्या नाशिकचा विदित गुजराथी २०१३ साली ग्रँडमास्टर झाला आणि २०२४ मध्ये बुडापेस्टच्या ऑलिंपियाडमध्ये सुवर्णपदक मिळवणाऱ्या भारतीय संघातून खेळला. तेव्हापासून बुद्धिबळ शिकणाऱ्या मुलांच्या पालकांना एक प्रश्न पडतोच, खेळ की शिक्षण? त्यांच्यासाठी आज मिखाईल बोत्विनिक यांची ओळख करून देतो.

१९११ साली जन्मलेले हे रशियन खेळाडू लेनिनग्राडमध्ये विद्युत अभियांत्रिकी शिकले. महायुद्धाच्या काळात ते उरल भागातल्या वीजयंत्रणेत उच्चदाब इन्सुलेशनचं काम पाहत होते आणि रात्री बुद्धिबळाचा अभ्यास करत होते. १९४८ मध्ये ते जगज्जेते झाले आणि १९५१ मध्ये, जगज्जेते असतानाच, त्यांनी अभियांत्रिकीत डॉक्टरेट मिळवली.

त्यांचं संशोधन वीजनिर्मिती यंत्रांवर होतं. साध्या जनित्राचा वेग ग्रिडच्या वारंवारतेशी बांधलेला असतो. बोत्विनिक यांच्या यंत्रात फिरत्या भागाला हवी तशी वारंवारता बदलता येणारा प्रवाह देतात, त्यामुळे वेग कमीजास्त झाला तरी बाहेर येणारी वीज एकसारखी राहते. आज अनेक पवनचक्क्या याच तत्त्वावर चालतात.

हीच शिस्त त्यांनी पटावर आणली. १९६० मध्ये जगज्जेतेपदाच्या लढतीत तेवीस वर्षांच्या मिखाईल तालनं त्यांना हरवलं. तालचा हल्ला म्हणजे वादळच. भलेभले त्यात गोंधळून जात. बोत्विनिक यांनी नशिबाला दोष दिला नाही. यंत्र बिघडलं की अभियंता ते उघडून पाहतो, तसे त्यांनी हरलेले डाव उघडले. ताल कुठल्या स्थितीत बहरतो आणि कुठल्या स्थितीत अस्वस्थ होतो, हे शोधून काढलं. पुढच्या वर्षी परतीच्या लढतीत, पन्नाशीच्या उंबरठ्यावर असताना, त्यांनी १३–८ अशा गुणांनी जगज्जेतेपद परत मिळवलं.

आपलं विश्लेषण छापून सगळ्यांसमोर ठेवावं, म्हणजे चुका दुसऱ्यांना दिसतात, असा त्यांचा आग्रह असे. कार्पोव्ह, कास्पारोव्ह आणि क्रामनिक हे तिघेही जगज्जेते त्यांच्या बुद्धिबळ शाळेत शिकले.

तेव्हा पालकहो, मुलांना खेळ आणि शिक्षण यांतलं एक निवडायला लावण्याची घाई करू नका. हरलेल्या डावातली चूक स्वतः शोधून ती वहीत लिहून ठेवायची सवय त्यांना लावा. ती पटावरही उपयोगी पडेल आणि कारखान्यातही.