पाना कुठे थांबवायचा?

आज मी दोन बोल्टांविषयी बोलणार आहे. हाताने गिअर बदलायच्या गाडीत गिअरबॉक्सच्या तळाशी एक बोल्ट असतो, त्यातून जुनं तेल काढतात. दुसरा बाजूला, जरा उंचावर असतो, तिथून नवं तेल भरतात. गॅरेजच्या भाषेत हे ड्रेन प्लग आणि फिलर प्लग.

मी सांगवीचा. एकीकडे मुळा, दुसरीकडे पवना, नदीपलीकडे दापोडीला एसटीची मध्यवर्ती कार्यशाळा आणि पुढे पिंपरी, आकुर्डी, भोसरी, चाकण. असा शेजार असल्यावर घरटी एखादा माणूस वाहनांच्या धंद्यात सापडायचाच. माझीही सगळी नोकरी जुळणी विभागात झाली. त्यामुळे रविवारी सकाळी गल्लीत कुणी गाडीखाली शिरलं की हाक येते, ‘‘काका, हा बोल्ट किती आवळू?’’

याचं उत्तर गाडीच्या पुस्तिकेत आकड्यात दिलेलं असतं. आवळण्याचा जोर न्यूटन-मीटरमध्ये मोजतात. जुन्या पुस्तिकांत तो किलोग्रॅम-मीटरमध्ये असे. एक किलोग्रॅम-मीटर म्हणजे ९.८ न्यूटन-मीटर. बऱ्याच छोट्या मोटारींच्या या प्लगना २५ ते ५० च्या दरम्यानचे आकडे दिलेले दिसतात. चाकाच्या नटांना साधारण १०० लागतात. म्हणजे चाकाचा नट आवळताना आपण जेवढा दम लावतो, त्याच्या निम्मा किंवा त्याहूनही कमी इथे पुरतो. लोकांना हेच पटत नाही. तेल अडवायचंय, मग जोर जास्तच हवा, असं वाटतं.

हिशेब करून पाहा. २० सेंटिमीटर लांबीच्या पान्याच्या टोकाला १५ किलोचा भार दिला, तर जवळजवळ ३० न्यूटन-मीटर जोर लागतो. त्याच पान्याला पाइप अडकवून लांबी ६० सेंटिमीटर केली, की तोच हात ९० च्या घरात पोचतो. हाताला फरक जाणवतच नाही.

बोल्ट पोलादाचा आणि गिअरबॉक्सचं केसिंग बहुधा ॲल्युमिनियमचं. या दोघांच्या भांडणात कोण हरणार, हे उघड आहे. आधी आतले आटे ताणले जातात, मग बोल्ट नुसता फिरत राहतो. खरं तर तेल अडवण्याचं काम बोल्टाचं नाहीच, ते त्याच्याखालच्या तांब्याच्या किंवा ॲल्युमिनियमच्या मऊ वॉशरचं. तो किंचित चेपून दोन्ही पृष्ठभागांना चिकटतो. एकदा चेपलेला वॉशर पुन्हा नीट बसत नाही, म्हणून दर वेळी नवा घालायचा. जुने मिस्त्री तांब्याचा वॉशर लाल होईपर्यंत तापवून थंड करत. तसं केलं की तांबं पुन्हा मऊ होतं. ॲल्युमिनियमच्या वॉशरवर मात्र हा प्रयोग करू नये. काही गिअरबॉक्सचे प्लग निमुळत्या आट्यांचे असतात. त्यांना वॉशर नसतो आणि ते पूर्ण आत जायचेही नसतात. ‘अजून दोन आटे बाहेर दिसताहेत’ म्हणून ते शेवटपर्यंत दामटले, तर पाचर ठोकल्यासारखं केसिंग तडकतं.

आमच्या शेजारच्या गल्लीतल्या एका टेम्पोवाल्याचं असंच झालं. चाकणला माल पोचवायचा रोजचा फेरा. ड्रेन प्लगपाशी थेंब दिसू लागला. एका गॅरेजात गेला, तिथे पाइप लावून आवळून दिलं. चार दिवस गळती थांबली, मग वाढली. पुन्हा आवळलं. तिसऱ्या खेपेला आटे गेले. जुन्या वॉशरच्या जागी पाच-दहा रुपयांचा नवा घातला असता तर भागलं असतं. शेवटी भोक मोठं करून आत पोलादी तारेचे नवे आटे बसवावे लागले. मजुरीपेक्षा बुडालेल्या फेऱ्यांनीच त्याला जास्त रडवलं. आणि हे स्वस्तात सुटणं झालं. धावत्या गाडीचा प्लग गळून पडला तर गिअरबॉक्स काही मिनिटांत रिकामा होतो. इंजिनाचं तेल घटलं तर निदान लाल दिवा लागतो. गिअरबॉक्सला बहुतेक गाड्यांत दिवाही नाही आणि तेल मोजायची पट्टीही नाही. पुणे-नाशिक रस्त्यावर सांडलेल्या तेलावरून मागचा दुचाकीवाला घसरतो, ते वेगळंच.

आपल्या भागातल्या कित्येक माणसांनी हे काम शिकलं ते चेतक स्कूटरवर. १९७२ साली आलेली ही आकुर्डीची स्कूटर. इंजिनाचं तेल तिच्या पेट्रोलमध्येच मिसळायचं. गिअरचं तेल वेगळं, आणि क्लचही त्याच तेलात बुडालेला. फिलरचं भोक हीच पातळीची खूण, त्याच्या काठापर्यंत तेल आलं की पुरे. मोटारींतही बहुधा हीच रीत असते. फक्त गाडी सपाट जागी, चारही बाजूंनी सारखी उचललेली हवी. नुसतं पुढचं तोंड वर केलं, तर पातळी खोटी दिसते.

एक गोष्ट आवर्जून सांगतो. आधी वरचा फिलर प्लग सोडवून पाहा, मगच खालचा काढा. वरचा गंजून बसला असेल आणि तेल तुम्ही आधीच काढून टाकलं असेल, तर गाडी जागेवरून हलवता येत नाही. दुसरं म्हणजे, उताणं पडून काम करताना दिशेचा घोटाळा होतो. बोल्टाच्या डोक्याकडे समोरून पाहिल्यासारखं समजून पाना फिरवा, नाहीतर सैल करतोय म्हणता म्हणता आवळत बसाल. प्लग परत लावताना आटे फडक्याने पुसून पहिले तीन-चार फेरे बोटांनीच द्या. बोटांनी जात नसेल तर तो तिरका बसतोय. तिथे पाना लावूच नये. पुढचं टॉर्क पान्याने, आकड्यापर्यंत. त्याचा ‘टक्’ आवाज आला की थांबायचं. खात्रीसाठी आणखी एक झटका द्यायची सवय मी कारखान्यात चांगल्या चांगल्या फिटरांत पाहिली आहे. त्या झटक्याने मोजलेला आकडा वाया जातो.

पुष्कळ ड्रेन प्लगच्या टोकाला लोहचुंबक असतं. त्यावर करड्या रंगाचा मऊ लेप दिसला तर घाबरू नका, ती गिअरांची नेहमीची झीज. बोटांना टोचणारे तुकडे लागले, तर मात्र तेल बदलून भागणार नाही.

जुनं तेल गटारात ओतू नका. सांगवीतलं गटाराचं पाणी शेवटी पवनेत नाहीतर मुळेत जातं, आणि २०१६ च्या नियमांनुसार वापरलेलं तेल घातक कचऱ्यात मोडतं. डब्यात भरून, ते पुनर्प्रक्रियेला पाठवणाऱ्या गॅरेजला द्या. मग गाडी दहा-वीस किलोमीटर फिरवून आणा आणि रात्री गिअरबॉक्सखाली वर्तमानपत्र पसरून ठेवा. सकाळी कागद कोरा असेल तर प्लगला हात लावायचं कारण नाही. डाग असेल तर पाना उचलायच्या आधी वॉशर तपासा.