समुद्रकाठचा वाद

एकोणिसाव्या शतकात पाद्र्यांच्या प्रचाराला आपल्या धर्ममार्तंडांचे ठरलेले उत्तर होते: ख्रिस्ती होईल त्यावर बहिष्कार. विष्णुबुवा ब्रह्मचाऱ्यांनी निराळे उत्तर दिले. वाण्याच्या दुकानात राबलेले, शाळा थोडीच पाहिलेले हे बुवा आपल्या सप्तशृंगगडावर तप करून उपदेशाला निघाले. १८५७ साली मुंबईच्या समुद्रकाठी त्यांनी पाद्र्यांशी जाहीर वाद केला. दोन्ही बाजू लोकांनी ऐकल्या. त्याची हकीकत पाद्री जॉर्ज बोवेन यांनीच इंग्रजीत छापली.

तरुणपणी आम्ही प्रतिपक्षाच्या युनियनची सभा उधळली होती. दुसऱ्या दिवशी आमचेच कामगार विचारू लागले, "तुमच्यापाशी उत्तर नव्हते काय?" पुढे बुवांचे चरित्र वाचले, तेव्हा तो प्रश्न खरा कळला. त्यानंतर आम्ही कोणाची सभा मोडली नाही.