आयर्लंडची यादवी आणि दुभंगलेल्या निष्ठा



परक्याशी लढताना शत्रू कोण, हे विचारावे लागत नाही. यादवीत मात्र तो प्रश्न घराच्या उंबरठ्यावर येऊन उभा राहतो. ‘होमरूल’ हा शब्द ज्या देशाच्या चळवळीतून आपल्याकडे आला, त्या आयर्लंडची हीच गत झाली.

६ डिसेंबर १९२१ रोजी लंडनमध्ये तह झाला. आयर्लंडच्या बहुतेक भागास स्वराज्य मिळाले. पण लोकप्रतिनिधींनी इंग्लंडच्या राजाशी इमान राखण्याची शपथ घ्यावी, अशी अट होती. डब्लिनच्या सभागृहाने जानेवारी १९२२ मध्ये ६४ विरुद्ध ५७ मतांनी तह स्वीकारला. मायकेल कॉलिन्स यांचे म्हणणे, मिळाले ते पदरात पाडून पुढे चालावे. डी व्हॅलेरांचा पक्ष विचारी, प्रजासत्ताकाची शपथ वाहिलेल्यांनी राजाची शपथ कोणत्या तोंडाने घ्यावी? दोघेही देशभक्तच! जूनमध्ये तोफा धडाडल्या. ऑगस्टमध्ये कॉलिन्स स्वतःच्याच परगण्यात मारले गेले.

केव्हिन ओ’हिगिन्स हे सरकारातील मंत्री. १९२१ साली त्यांच्या लग्नात रोरी ओ’कॉनर वराचे सोबती म्हणून उभे होते. ८ डिसेंबर १९२२ रोजी सरकारने ओ’कॉनर यांना खटल्यावाचून गोळ्या घातल्या, आणि त्या निर्णयास ओ’हिगिन्स यांची संमती होती. पुढे १९२७ साली प्रार्थनेला जाताना त्यांचाही खून झाला.

आणि एर्स्किन चिल्डर्स! जन्माने इंग्रज, निष्ठेने आयरिश प्रजासत्ताकवादी. देहदंडापूर्वी त्यांनी सोळा वर्षांच्या मुलाकडून वचन घेतले : माझ्या देहदंडाच्या हुकमावर सही करणाऱ्या प्रत्येकाशी हस्तांदोलन कर. तोच मुलगा १९७३ साली आयर्लंडचा राष्ट्राध्यक्ष झाला.

मे १९२३ मध्ये बंदुका थांबल्या, मने थांबली नाहीत. १९२७ साली डी व्हॅलेरांनी तीच शपथ ‘पोकळ उपचार’ मानून सभागृहात पाऊल टाकले. १९३२ साली ते निवडून आले, तेव्हा यादवीत जिंकलेल्या कॉसग्रेव्ह यांनी हरलेल्यांच्या हाती मुकाट्याने सत्ता दिली. पुढच्याच वर्षी शपथ रद्द झाली. दोन्ही गटांतून निघालेले पक्ष मात्र एका मंत्रिमंडळात बसले ते २०२० साली.

जी गाठ पुढे मतपेटीने सुटली, तिच्यासाठी भावाने भावाचे रक्त सांडले. म्हणून मला एवढेच सांगावयाचे आहे : विरोधकाचे मत चुकीचे म्हणा, पण त्याची निष्ठा खोटी म्हणण्यापूर्वी शंभरदा विचार करा. यादवीची पहिली गोळी त्या शब्दातूनच सुटते.