जादा दिव्यांची जोडणी

सह्याद्रीतल्या कच्च्या वाटेवर रात्री जीप चालवणाऱ्यांना बंपरवर जादा दिवे हवेसे वाटतात. जरूर बसवा, पण त्यांची वायर हेडलाइटच्या वायरीला पिळून जोडू नका. 55 वॅटचे दोन हॅलोजन 12 व्होल्टवर सुमारे 9 अँपिअर ओढतात. मूळची बारीक वायर त्यानं तापते, आवरण वितळतं, आगही लागू शकते. म्हणून रिले, म्हणजे छोट्या प्रवाहानं मोठा प्रवाह चालू-बंद करणारा स्विच, हवाच.

रिलेच्या तळाशी आकडे असतात. 30 ला बॅटरीची धन वायर, 87 वरून दिव्यांकडे, 85 ला अर्थ आणि 86 ला डॅशबोर्डवरच्या स्विचची वायर. त्या स्विचला वीज हेडलाइटच्या अप्परमधून घ्या. समोरून गाडी आली, तुम्ही डिपरवर आलात, की जादा दिवेही आपोआप विझतील. समोरच्याचे डोळे दिपले तर वळणावर दोघांचाही जीव धोक्यात येतो, म्हणून एवढं आग्रहानं सांगतो.

15 अँपिअरचा फ्यूज बॅटरीच्या अगदी जवळ बसवा. दिवे मिणमिणले तर आधी अर्थ तपासा: अर्थची वायर पत्र्याला जोडलेल्या बोल्टखालचा रंग पॉलिश पेपरनं घासून उघडा पत्रा दिसू द्या, मग वायर घट्ट आवळा आणि वरून ग्रीस लावा.