माहीत सगळ्यांना होतं



‘नीट वागला नाहीस तर बोर्डिंगात टाकीन.’ हे वाक्य लहानपणी किती जणांनी ऐकलंय? बघा, किती हात वर आले! मी इंदूरची. पण नागपूर, बडोदा, हैदराबाद, बेळगाव, मराठी घर कुठलंही असो, हे वाक्य तिथं असतंच. बोलणाऱ्या आईच्या मनात तसं काही नसतं. पण पोराला बरोबर कळतं की ‘बोर्डिंग’ ही चांगली जागा नाही. कारण धमकी कधी चांगल्या जागेची देत नाहीत.

आज मी तुम्हाला एका दुसऱ्या देशातल्या अशाच धमकीबद्दल सांगणार आहे. तो देश आयर्लंड. तिथल्या दोन-तीन पिढ्यांनी पोरांना दम दिला तो असा: ‘लेटरफ्रॅकला पाठवीन’, ‘आर्टेनला पाठवीन’. आर्टेन डब्लिन शहरातलं, तर लेटरफ्रॅक पश्चिमेला गॉलवे परगण्यातलं, डोंगर आणि समुद्र यांच्यामधलं आडगाव. दोन्ही ठिकाणी मुलांच्या निवासी शाळा होत्या. त्यांना ‘औद्योगिक शाळा’ म्हणत. १८६८च्या कायद्याने त्या सुरू झाल्या.

तिथं कोण जायचं? गुन्हेगार मुलं, असं आपल्याला वाटेल. तसं नव्हतं. बहुतेकांचा गुन्हा एकच, गरिबी. आई वारली, बाप कामासाठी परदेशी गेला, आईचं लग्न झालेलं नव्हतं, पोरगं शाळा बुडवत होतं. एवढ्यावर न्यायाधीश हुकूम द्यायचा आणि मूल वयाच्या सोळाव्या वर्षापर्यंत आत. शाळा चालवायचे कॅथलिक धर्मसंघ, आणि दर मुलामागे ठरावीक रक्कम द्यायचं सरकार. ही दर मुलामागची रक्कम लक्षात ठेवा, तिच्याकडे आपण परत येणार आहोत.

१९९९ साली आयर्लंडच्या सरकारी दूरचित्रवाणीवर मेरी राफ्टरी या पत्रकार बाईंची तीन भागांची मालिका लागली. या शाळांत वाढलेली माणसं, आता साठीला आलेली, कॅमेऱ्यासमोर बोलली. मारहाण, उपासमार, लैंगिक अत्याचार. मालिकेचा शेवटचा भाग लागायच्या दिवशीच पंतप्रधान बर्टी अहर्न यांनी देशाच्या वतीने माफी मागितली. मग चौकशी आयोग बसला. २००९च्या मे महिन्यात न्यायमूर्ती शॉन रायन यांनी अहवाल दिला. पाच खंड, अडीच हजारांवर पानं. आयोगाच्या एका समितीपुढे हजारावर माणसांनी आपली कहाणी सांगितली, आणि त्यांच्या बोलण्यात दोनशेहून जास्त संस्थांची नावं आली. निष्कर्ष स्पष्ट होता: हे चार वाईट माणसांचं काम नव्हतं. मारझोड आणि भीती हीच संस्था चालवायची पद्धत होती. मुलांच्या संस्थांमध्ये लैंगिक अत्याचार मुरलेला होता.

तेव्हा अनेकांच्या तोंडी एक वाक्य आलं, ‘आम्हाला कल्पनाच नव्हती.’

मंडळी, या वाक्यासाठीच मी आज इथं उभी आहे. मला ते पटत नाही. ज्या देशात घरोघरी पोरांना ‘लेटरफ्रॅकला पाठवीन’ म्हणत, त्या देशाला लेटरफ्रॅक म्हणजे काय ते माहीत होतं. बारकावे माहीत नसतील. पण तिथं मूल सुखात नसतं, एवढं पक्कं माहीत होतं.

आणि हे नुसतं कुजबुजीत नव्हतं. लेखी होतं. १९४६ साली फादर एडवर्ड फ्लॅनगन आयर्लंडला आले. ते मूळचे तिथलेच, पण अमेरिकेत त्यांनी अनाथ मुलांसाठी ‘बॉइज टाउन’ उभं केलं होतं, जगभर नाव होतं. त्यांनी जाहीर सभांत सांगितलं की इथल्या मुलांच्या संस्था देशाला लाज आणणाऱ्या आहेत. न्यायमंत्र्यांनी संसदेत त्यांचं बोलणं उडवून लावलं. बाहेरून आलेला माणूस, त्याला काय कळतंय!

सरकारच्या स्वतःच्या डॉक्टरीण होत्या, ॲना मकेब. १९३९पासून त्या या शाळांची वैद्यकीय तपासणी करत. मुलांना पोटभर जेवण मिळत नाही, असं त्यांनी १९४०च्या दशकातच लिहून ठेवलंय. कागद खात्यात पोचला, फायलीला लागला.

आणि एक माणूस होता, पीटर टिरेल. आठ वर्षांचा असताना लेटरफ्रॅकला गेला, १९२४ साली. तिथं शिंपीकाम शिकला. पुढे ब्रिटिश सैन्यात गेला, दुसऱ्या महायुद्धात जर्मनांच्या कैदेत पडला. त्याने लिहून ठेवलंय की लेटरफ्रॅकच्या तुलनेत ती युद्धकैद्यांची छावणी त्याला बरी वाटली. युद्धानंतर तो इंग्लंडमध्ये राहिला, शिवणकाम करून पोट भरत होता, आणि पत्रं लिहीत होता. ज्या धर्मसंघाने शाळा चालवली त्याला पत्र, सरकारला पत्र. नावं, प्रसंग, कोणी कुणाला कशाने मारलं, सगळं. धर्मसंघाने ती पत्रं वकिलाकडे दिली. हा माणूस पैसे उकळायला बघतोय, अशी त्यांना शंका आली.

एका माणसाने मात्र त्याचं ऐकलं. ओवेन शीही-स्केफिंग्टन, आयर्लंडच्या वरिष्ठ सभागृहाचे सदस्य. शाळेतल्या मारहाणीविरुद्ध ते एकटे लढत होते. त्यांनी पीटरला सांगितलं, सगळं लिहून काढा. पीटरने लिहिलं, पण ते छापून यायला बराच काळ जायचा होता. १९६७च्या एप्रिलमध्ये लंडनमधल्या हॅम्पस्टेड हीथच्या माळावर पीटरने स्वतःला पेटवून घेतलं. जवळ एका पोस्टकार्डाचा अर्धवट जळालेला तुकडा सापडला. त्यावरच्या ‘स्केफिंग्टन’ आणि ‘डब्लिन’ या शब्दांवरून जवळजवळ वर्षाने त्याची ओळख पटली. त्याने लिहिलेलं हस्तलिखित स्केफिंग्टन यांच्या कागदपत्रांत पडून होतं. ते एका इतिहासकाराला मिळालं आणि २००६ साली पुस्तक म्हणून निघालं. पीटर गेल्यानंतर ३९ वर्षांनी.

म्हणजे धर्मगुरूने सांगितलं, सरकारी डॉक्टरने सांगितलं, भोगलेल्या माणसाने सांगितलं. तरी लेटरफ्रॅक १९७४पर्यंत चालूच राहिलं. असं कसं झालं? मी स्वतः आठ-नऊ वर्षं बालगृहांच्या तपासणीला जाते. त्यामुळे मी हा अहवाल वाचला तो ‘किती भयंकर’ म्हणण्यासाठी नाही, तर व्यवस्था नेमकी कुठे फसली ते बघण्यासाठी. मला तीन जागा दिसल्या.

पहिली, पैसा. दर मुलामागे रक्कम. मूल घरी परत पाठवलं की रक्कम बंद. त्यामुळे मूल आत ठेवण्यातच संस्थेचा फायदा. आणि आलेल्या रकमेतून ताटात जितकं कमी पडेल तितकं शिल्लक. त्याच काळात त्या घरच्या आईला तेच पैसे दिले असते, तर अनेक मुलं घरीच राहिली असती.

दुसरी, तपासणी. पन्नासच्या आसपास शाळा आणि त्यांच्यासाठी एक डॉक्टर. अहवाल म्हणतो की शिक्षण खातं धर्मसंघांपुढे नमून होतं. ज्याच्या पाया पडायचं त्याचीच तपासणी करायची, ती कशी होणार? इमारत बघितली, हजेरीपट बघितला, चहा झाला.

तिसरी, आणि माझ्या मते सगळ्यात मोठी: मुलाने सांगायचं कुणाला? घरी लिहिलेलं पत्र संस्थेच्या हातातूनच जायचं. पळून गेलं तर पोलीस परत तिथंच आणून सोडायचे. ज्याच्याविरुद्ध तक्रार, त्याच्याच दारातून तक्रारीची वाट.

आता तुम्ही म्हणाल, बाई, हे आयर्लंडचं झालं, जुनं झालं. मग आपल्याकडचं ऐका. बिहारमधल्या मुजफ्फरपूरला मुलींचं एक निवासगृह होतं. सरकारी अनुदानावर, भर शहरात. २०१७ साली बिहार सरकारने मुंबईच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेच्या ‘कोशिश’ गटाला राज्यातल्या शंभरहून अधिक निवासी संस्था तपासायला सांगितल्या. ही माणसं कार्यालयात न बसता मुलांशी बोलत बसली. २०१८ साली त्यांच्या अहवालातून मुजफ्फरपूरचं प्रकरण बाहेर आलं. २०२०च्या जानेवारीत दिल्लीच्या न्यायालयाने १९ जणांना दोषी ठरवलं. त्यांत मुलांच्या रक्षणासाठी नेमलेला जिल्ह्याचा अधिकारी होता. तिथल्या बालकल्याण समितीचा माजी अध्यक्षही होता.

म्हणजे त्या मुलींनी ज्यांच्याकडे तक्रार करायची, तेच त्यात सामील होते. लेटरफ्रॅकची तिसरी जागा, जशीच्या तशी.

पण याच प्रकरणात उपायही दिसतो. मुलं बोलली. कधी बोलली? बाहेरची, संस्थेशी देणंघेणं नसलेली माणसं वेळ काढून त्यांच्यापाशी बसली तेव्हा.

आपला कायदा कागदावर वाईट नाही. बाल न्याय कायदा २०१५चा आहे, त्याच्या नियमांप्रमाणे तपासणी समितीने तीन महिन्यांतून किमान एकदा संस्थेला भेट द्यायची असते. २०१२च्या पोक्सो कायद्याने तर तुमच्या-माझ्यावरही जबाबदारी टाकलीय. मुलावर लैंगिक अत्याचार झालाय किंवा होण्याची शक्यता आहे असं वाटलं, तर पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. पुरावा आपण गोळा करायचा नसतो. चांगल्या हेतूने कळवलं तर आपल्यावर कारवाई होत नाही. संस्थेच्या प्रमुखाने दडवलं, तर त्याला शिक्षा आहे. आणि १०९८ हा क्रमांक, जो १९९६ साली मुंबईत सुरू झाला आणि आज देशभर चालतो, तो फुकट आहे, दिवसरात्र आहे.

मी तपासणीला गेले की काय करते, ते सांगते. आधी चहाला नाही म्हणते. थेट स्वयंपाकघरात जाते. मग न्हाणीघराला आतून कडी आहे का बघते. रात्री मुलांजवळ कोण झोपतं, ते विचारते. हजेरीपटावरची मुलं आणि समोरची मुलं मोजते. आणि शेवटी, एकही कर्मचारी जवळ नसताना, मुलांशी बोलते. पहिल्या भेटीत कोणी काही सांगत नाही. म्हणून दुसऱ्यांदा जाते, तिसऱ्यांदा जाते.

यातलं बरंचसं तुम्हालाही जमेल. आपण वाढदिवसाला अनाथाश्रमात केक घेऊन जातो, पितृपक्षात जेवण देतो, रांगेत बसलेल्या मुलांबरोबर फोटो काढतो आणि निघतो. पुढच्या वेळी फोटो राहू द्या. व्यवस्थापकांना विचारा, शेवटची तपासणी कधी झाली? मुलांना १०९८ माहीत आहे का? फोन त्यांच्या हाताला लागतो का? चांगली संस्था या प्रश्नांनी रागावत नाही. उलट तिला बरं वाटतं, कोणीतरी नीट बघतंय. आणि कोणाचं पोर वसतिगृहात असेल, तर सुट्टीत ‘अभ्यास कसा चाललाय’ याच्या आधी ‘तिथं रात्री कसं वाटतं’ हे विचारा. उत्तर यायला वेळ लागला तर थांबा.

आयर्लंडने पुढे पंधरा हजारांहून जास्त माणसांना भरपाई दिली. एकूण खर्च दीड अब्ज युरोंच्या आसपास गेला. पीटर टिरेलला मात्र पैसे नको होते. त्याचं म्हणणं एवढंच होतं की कोणीतरी पत्र वाचावं आणि आत अजून असलेल्या मुलांना बाहेर काढावं. आपल्या आसपास आज कोणीतरी असं पत्र लिहीत असेल. कागदावर नसेल, नुसतं गप्प राहून लिहीत असेल. ते वाचायचं काम आपलं आहे.