'लूज' म्हणजे काय?

आज आपण एका इंग्रजी शब्दाविषयी बोलू. शब्द आहे 'लूज'. इंग्रज गेले, पण हा शब्द आपल्या तोंडात राहिला. इंजिनाचा नट लूज झाला, वायर लूज आहे, असं आपण म्हणतो. वाणीही विचारतो, "पाकीट देऊ की लूज?"

आता मराठीत बघा. नट ढिला होतो. सदरा सैल होतो. साखर सुटी मिळते. दावं तुटलं की वासरू मोकळं होतं. नांगरलेली माती भुसभुशीत असते. इंग्रजीत या सगळ्यांना एकच शब्द, लूज! आपल्याकडे ज्याला त्याला वेगळा शब्द. इथे आपली भाषा श्रीमंत आहे, असं आम्हाला वाटतं. 'लूज' ऐकलं की त्याच्या जोडीचा शब्द कोणता, ते आधी बघावं.

दवाखान्यात डॉक्टर विचारतात, "लूज मोशन किती झाले?" लूज मोशन म्हणजे पातळ शौचाला होणं, जुलाब. प्रश्न न कळता नुसती मान हलवू नये. "साहेब, म्हणजे काय?" असं विचारावं. त्यात लाज कसली? मग मराठीत सांगावं : किती वेळा झालं, रक्त पडलं का, लघवी होते का.

जुलाबात अंगातलं पाणी आणि मीठ निघून जातं. लहान मूल त्यानंच दगावतं. १९७१ साली बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांत पटकीची साथ पसरली. बंगालमधल्या बनगाव इथे सलाइन अपुरं पडलं. तेव्हा डॉ. दिलीप महालनोबीस यांनी ग्लुकोज, मीठ व सोडा घातलेलं पाणी रोग्यांना पाजायला लावलं. पाजलं कुणी? बरेचदा नात्यातल्याच माणसांनी. शंभरात तीस माणसं जात होती, ती चाराच्या आत आली.

असं पाणी घरी करता येतं. एक लिटर पाणी उकळून गार करावं. त्यात चहाचे सहा चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालावं. चमचा सपाट भरावा, शीग नको. मीठ जास्त झालं तर अपाय होतो. आरोग्य केंद्रात ओआरएसची पाकिटं मिळतात. ती मिळाली तर अधिक चांगलं. पाणी घोट घोट पाजावं. मूल ओकलं तर दहा मिनिटं थांबावं, मग चमच्या-चमच्यानं पुन्हा द्यावं. अंगावरचं दूध तोडू नये. डोळे खोल गेले, मूल पेंगू लागलं किंवा शौचातून रक्त पडलं, तर तडक दवाखाना गाठावा. वाटेतही पाणी पाजत राहावं.